क्यासनूरचा वनज्वर

इ. स. १९५७ च्या प्रारंभी, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील अरण्यालगतच्या खेड्यांत दोन गोष्टी एकाच सुमारास घडू लागल्या. अरण्यात माकडे मरून पडलेली आढळू लागली, आणि लाकूडफाटा आणण्यासाठी त्याच अरण्यात जाणारी माणसे तीव्र ज्वराने अंथरुणास खिळू लागली. प्रथम हा विषमज्वर असावा असा तर्क करण्यात आला. परंतु विषमज्वर हा दूषित पाणी व अन्न यांतून होणारा रोग. त्याने माकडे मरण्याचे काही कारण नव्हते. त्या प्रदेशातील लोक या दुखण्याला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा रोग, असे म्हणतात. वैद्यकाने मात्र त्याला ज्या अरण्यात तो प्रथम आढळला त्या क्यासनूर अरण्याचे नाव दिले. त्या पहिल्या वर्षी ४६६ माणसांना हा ज्वर झाला, आणि पुढील वर्षी आणखी १८१ जणांना.

मनुष्याला होणाऱ्या विषाणुजन्य रोगांपैकी पुष्कळसे मूळचे मनुष्याचे नव्हेत, हे येथे आरंभीच सांगितले पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा अलर्क रोग सर्वांच्या परिचयाचा आहे. जपानी मस्तिष्कज्वराचे विषाणू बगळ्यांच्या व डुकरांच्या शरीरात वाढतात आणि भातखाचरांत पैदास होणारे डास ते मनुष्यापर्यंत आणतात. १९९८-९९ साली मलेशियात प्रकट झालेल्या निपाह रोगाचे विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत वास करतात. तेथे ते डुकरांच्या द्वारे माणसांत आले. आपल्याकडे २००१ साली सिलिगुडी येथे आणि २०१८ साली कोळिकोड येथे त्यांनी बळी घेतले. नागपूरनजीकच्या चांदिपुरा या गावाचे नाव धारण करणारा विषाणू १९६५ साली तेथील रुग्णांच्या रक्तात सापडला. तो वाळूमाशीच्या दंशाने पसरतो व मुख्यतः बालकांना पीडा देतो. या सर्व रोगांत मनुष्य हा विषाणूचा नित्याचा आश्रयदाता नव्हे. विषाणूचा संसार अन्यत्र चाललेला असतो, आणि त्यात मनुष्याचे पाऊल अनाहूतपणे पडते. म्हणूनच अशा रोगाचे मूळ केवळ रुग्णाच्या खाटेजवळ बसून उलगडत नाही. क्यासनूरच्या ज्वराची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. शिवाय तिचा बहुतेक तपास आपल्याच देशात झालेला असल्यामुळे ती सविस्तर सांगता येते.

पुणे येथील विषाणु संशोधन केंद्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी संयुक्तपणे १९५२ साली स्थापन केले होते. १९७८ पासून तीच संस्था राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. डास, गोचीड इत्यादी जीवांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणे हे या केंद्राचे प्रमुख कार्य होते. सोरबमध्ये माकडे मरत असल्याचे वृत्त १९५७ च्या मार्चमध्ये केंद्राकडे आले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांच्या मनात जी शंका आली तिचे स्वरूप फार भयंकर होते. अमेरिका खंडातील अरण्यांत माकडे मरू लागली म्हणजे पीतज्वर येऊन ठेपला असे समजतात. तेथील मोठ्याने ओरडणाऱ्या जातीच्या माकडांचा आवाज ऐकू येईनासा झाला की अरण्यालगतचे लोक सावध होतात. पीतज्वराची साथ आशिया खंडात कधीही आलेली नाही. परंतु त्याचा प्रसार करणारा डास भारतातील शहरांतून विपुल आहे, आणि येथील कोट्यवधी लोकांच्या शरीरात त्याला तोंड देणारी प्रतिकारशक्ती यत्किंचितही नाही. तेव्हा सोरबच्या अरण्यातील मृत माकडे ही स्थानिक बाब राहिली नाही.

केंद्राच्या वतीने टेलफर्ड वर्क व हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांनी आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह हा तपास हाती घेतला. ट्रॅपिडो यांनी पूर्वी मध्य अमेरिकेत अरण्यातील पीतज्वराचा अभ्यास केलेला होता, त्यामुळे काय शोधावयाचे याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. रुग्णांच्या व माकडांच्या रक्तातून विषाणू वेगळा करण्यात आला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते दुसऱ्याच एका कुलाशी जुळले: सायबेरियाच्या पूर्व भागातील अरण्यांत १९३७ साली सोविएत शास्त्रज्ञ लेव्ह झिल्बर व त्यांचे सहकारी यांनी जो मस्तिष्कज्वराचा विषाणू शोधून काढला होता, त्याच्याशी. तो विषाणू डासांनी पसरत नाही, गोचिडांनी पसरतो. मग क्यासनूरच्या अरण्यातील गोचीड तपासण्यात आले, आणि त्यांच्यातही हाच नवा विषाणू सापडला.

भीती ओसरली, पण तिच्या जागी एक कोडे उभे राहिले. बर्फाळ सायबेरियातील विषाणूचा जवळचा नातलग सह्याद्रीच्या उष्ण, पावसाळी अरण्यात कसा आला? पहिली कल्पना स्वाभाविक होती. दर हिवाळ्यात उत्तरेकडील असंख्य पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगाला चिकटलेल्या गोचिडांबरोबर हा विषाणू आला असेल काय? हे पडताळून पाहण्यासाठी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा मागोवा घेण्यास आरंभ केला. या उपक्रमातून भारतीय पक्षिविज्ञानाला अनमोल माहिती मिळाली; ज्वराच्या बाबतीत मात्र पक्ष्यांवरील आरोप सिद्ध झाला नाही. पुढे १९९५ साली सौदी अरबस्तानात एका खाटकाच्या रक्तात अल्खुर्मा नावाचा विषाणू सापडला, तेव्हा तो क्यासनूरच्या विषाणूचा सख्खा भाऊ शोभावा इतका त्याच्यासारखा निघाला. तेव्हा या कुलाचा विस्तार केवळ उत्तरेकडे नाही, हे उघड आहे. हा विषाणू १९५७ पूर्वीही त्या अरण्यात गुप्तपणे नांदत असला पाहिजे, असेच बहुतेक अभ्यासकांना वाटते. असे असेल तर खरा प्रश्न तो कोठून आला हा नसून तो त्याच वेळी का बाहेर पडला, हा आहे.

गोचिडाचे चरित्र

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी एका क्षुद्र जीवाचा जीवनक्रम बारकाईने पाहिला पाहिजे. या रोगाचा मुख्य वाहक गोचीड शास्त्रीय परिभाषेत हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या नावाने ओळखला जातो. गोचीड कीटक नव्हे. तो कोळ्यांच्या व विंचवांच्या वर्गातील प्राणी आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर त्याच्या तीन अवस्था होतात. पहिली सहा पायांचे डिंभ, दुसरी आठ पायांचे पिल्लू आणि तिसरी प्रौढ गोचीड. प्रत्येक अवस्थेत तो रक्ताचे एकच जेवण घेतो, पण प्रत्येक जेवण निराळ्या प्राण्याच्या अंगावर. पोट भरले की तो खाली गळून पडतो, पालापाचोळ्यात दडून कात टाकतो आणि पुढील अवस्थेत पुन्हा यजमानाच्या शोधास लागतो. शोधास लागतो म्हणजे धावतो असे नव्हे. तो गवताच्या पात्याच्या किंवा झुडपाच्या पानाच्या टोकाशी चढून पुढचे पाय पसरून वाट पाहत बसतो. त्या पायांवर असलेल्या इंद्रियाने त्याला जवळ आलेल्या प्राण्याचा श्वास व उष्णता कळते. प्राणी अंग घासून गेला की तो त्याला बिलगतो.

या तीन अवस्था ऋतुमानाशी बांधलेल्या आहेत. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर प्रौढ गोचीड बाहेर येतात आणि गायी, म्हशी, गवे, सांबरे यांसारख्या मोठ्या जनावरांवर पोसतात. पोट भरलेली मादी जमिनीवर पडून हजारो अंडी घालते आणि मरते. पावसाळा सरता सरता या अंड्यांतून डिंभ निघतात. ते उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारे पक्षी व माकडे यांचे रक्त पितात. त्यांचीच पुढे पिल्ले होतात, आणि ही पिल्ले साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत अरण्यात पसरलेली असतात. पिल्लू मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते, त्याचा चावा दुखत नाही, आणि यजमानाच्या निवडीत ते फारसे चोखंदळ नसते. मनुष्याला चावते ते मुख्यतः हेच. क्यासनूरचा ज्वर दरवर्षी हिवाळ्याच्या मध्यास का सुरू होतो, उन्हाळ्यात का वाढतो आणि पाऊस पडताच का थांबतो, याचा उलगडा एवढ्यात होतो.

आता विषाणूकडे पाहू. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा हा गोलक आहे. डेंगी व पीतज्वर यांचे विषाणू याच वंशातले. विषाणुयुक्त रक्त प्यालेल्या डिंभाने कात टाकली तरी विषाणू त्याच्या शरीरात टिकून राहतो आणि पिल्लाबरोबर पुढील यजमानाकडे जातो. लहान सस्तन प्राणी व गोचीड यांच्यात ही देवघेव शांतपणे चालू असते. उंदराला त्याची विशेष बाधा होत नाही, गोचिडाला तर नाहीच. अरण्यात शेकडो वर्षे असे चालले तरी बाहेर कोणास पत्ता लागणार नाही.

पत्ता लागतो तो माकडांमुळे. आपण वानर व माकड असा जो भेद करतो तो येथे उपयोगी आहे: काळ्या तोंडाचे लांब शेपटीचे वानर आणि तांबूस तोंडाचे माकड, या दोन्ही जातींना या विषाणूची तीव्र बाधा होते, आणि वानर तर मोठ्या संख्येने मरतात. रोगी वानराच्या रक्तात काही दिवस विषाणूंची प्रचंड वाढ झालेली असते. त्या काळात त्याच्या अंगावर पोसणारे शेकडो डिंभ एकदम विषाणुयुक्त होतात. वानर मेले आणि त्याचे शरीर थंड पडले की हे सर्व डिंभ त्याच जागी खाली उतरतात. काही आठवड्यांनी तेथे विषाणूने भरलेल्या पिल्लांची वसाहत तयार होते. ज्या वाटेवर, ज्या झाडाखाली वानर मरून पडले तेथून जाणाऱ्या मनुष्याला तिची काहीच कल्पना नसते.

मराठीत या रोगाला माकडताप हे नाव रूढ झाले आहे. ते सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. माकडाचा दंश किंवा सान्निध्य यांमुळे हा रोग सहसा होत नाही. माकड हे मनुष्यासारखेच त्याचे भक्ष्य आहे, आणि त्याचा मृत्यू ही आपल्याला मिळणारी पहिली सूचना आहे. माकडांना हाकलल्याने किंवा मारल्याने हानीच होईल; कारण रोगट कळप विखुरला की गोचीडही त्याच्याबरोबर नव्या जागी जातील.

अरण्याची कड

१९५७ सालीच हा रोग का उसळला, याचा विचार ज्यांनी सर्वांत खोलवर केला त्यांत कोलंबियाचे होर्हे बोशेल हे एक होत. त्यांनी आपल्या देशात एक सुंदर निरीक्षण केले होते. लाकूडतोड्यांनी वृक्ष पाडला की त्याच्या शेंड्यावर राहणारे निळे डास खाली येऊन माणसांना चावतात आणि अरण्यातील पीतज्वर त्यांना देतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे पुण्याच्या केंद्रात काम करताना त्यांनी क्यासनूरच्या अरण्याकडे त्याच दृष्टीने पाहिले. त्यांच्या मते रोगाची जननी दाट अरण्य नव्हे. अरण्य आणि गाव यांच्यामधला तुटलेला, चरलेला पट्टा ही ती होय. लोकसंख्या वाढली, शेतीसाठी रान मोकळे झाले, मोकळ्या जागी घाणेरीचे रान माजले. त्या झुडपांत उंदरांना व चिचुंद्र्यांना आसरा मिळाला. गावची गुरे चरावयास रानात शिरू लागली. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, म्हणून ती त्याचा प्रसार करीत नाहीत. परंतु प्रौढ गोचिडाला मोठे जनावर हवे असते, आणि पूर्वी जेथे एखादे सांबर फिरके तेथे आता शंभर गायी फिरू लागल्या. गोचिडांची संख्या वाढावयास याहून अनुकूल परिस्थिती कोणती? १९८० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी मोठे अरण्य तोडण्यात आले, आणि तेथे या ज्वराची पूर्वी कधी झाली नव्हती एवढी मोठी साथ आली. बोशेल यांच्या विचारसरणीला याहून दुःखद पुष्टी मिळणे कठीण होते.

येथे त्या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेचा विचार करणे आवश्यक आहे. मलनाडातील सुपारीच्या बागांना दरवर्षी हिरव्या व वाळलेल्या पाल्याचे खत लागते. हा पाला बागेलगतच्या राखीव डोंगरउतारांवरून तोडून व गोळा करून आणतात. गवत, जळण, पाला ही सर्व कामे पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतली, म्हणजे नेमकी पिल्लांच्या मोसमातली. ज्वर येतो तो मुख्यतः या कामांवर जाणाऱ्या मजुरांना, गुराख्यांना व स्त्रियांना. ‘डिसेंबर ते मे या काळात अरण्यात जाऊ नये’ हा सल्ला कागदावर निर्दोष आहे. पण ज्याच्या चुलीत त्याच अरण्यातले लाकूड जळते त्याला तो देताना सल्ला देणाराने थोडे संकोचले पाहिजे.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे. गोचीड चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून एकाएकी तीव्र ताप येतो. कपाळ असह्य दुखते, पाठ व पोटऱ्या मोडून आल्यासारख्या होतात, डोळे लाल होतात, ओकाऱ्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून किंवा आतड्यांतून रक्तस्राव होतो. बहुतेक रोगी दोन आठवड्यांत बरे होऊ लागतात, तथापि अशक्तपणा पुढे कित्येक दिवस राहतो. काही रोग्यांना मध्ये एक-दोन आठवडे बरे वाटून पुन्हा ताप येतो. या दुसऱ्या वेळी मेंदूची लक्षणे, भ्रम व कंप दिसतात. शंभर रोग्यांपैकी साधारणपणे तीन ते पाच दगावतात. विषाणूला मारणारे औषध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे व काळजीपूर्वक शुश्रूषा करणे हाच उपचार आहे, आणि तो वेळेवर मिळाल्यास पुष्कळ प्राण वाचतात. रोग्यापासून त्याच्या घरच्यांना हा रोग होत नाही. रोग्याला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही, हे आवर्जून सांगणे जरूर आहे.

अनेक वर्षे हा ज्वर कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरता मर्यादित आहे असे समजले जाई. तो समज आता उरला नाही. २०१२ साली बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात मृत माकडे आढळली, आणि त्यांना हाताळून जाळणाऱ्या माणसांनाच हा ज्वर झाला. त्यानंतर तमिळनाडूतील निलगिरी व केरळातील वायनाड येथे तो सापडला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात, २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आणि पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याचे रुग्ण आढळले. कोकणात व गोव्यात काजूच्या बिया वेचण्याचा हंगाम आणि गोचिडांच्या पिल्लांचा हंगाम एकच असल्यामुळे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना विशेष धोका असतो. २०१८ च्या डिसेंबरापासून सागर तालुक्यातील अरळगोडू गावाच्या परिसरात मोठी साथ आली. हे ठिकाण मूळच्या सोरब तालुक्याच्या शेजारच्याच तालुक्यातील आहे. विषाणू नव्या प्रदेशांत गेला की तो तेथे आधीपासूनच होता व आता ओळखता येऊ लागला, याबद्दल मतभेद आहेत. बहुधा दोन्हींत थोडे थोडे तथ्य असावे.

प्रतिबंधक लशीचा इतिहास फारसा समाधानकारक नाही. आरंभी रशियन मस्तिष्कज्वरावरील लस देऊन पाहिली. नाते जवळचे असूनही तिचा उपयोग झाला नाही. त्यानंतर कोंबडीच्या गर्भपेशींत वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून खास लस तयार करण्यात आली, आणि १९९० पासून ती कर्नाटकात दिली जात होती. ती महिन्याच्या अंतराने दोनदा व पुढे पुनःपुन्हा टोचून घ्यावी लागे. २००५ ते २०१० या काळातील माहितीच्या अभ्यासात असे दिसून आले की, दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के व त्यानंतरची पूरक मात्रा घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते. परंतु टोचणी वेदनादायक, मात्रा अनेक, आणि निरोगी मनुष्याला पुढच्या वर्षीचा ज्वर दूरचा वाटतो; पूरक मात्रेपर्यंत थोडेच लोक येत. पुढे तिची परिणामकारकताच अपुरी आढळल्यामुळे २०२२ नंतर ती देणे बंद झाले, आणि नव्या लशीच्या निर्मितीचे काम हाती घेण्यात आले.

तोपर्यंत भर देण्याचा तो गोचिडापासून दूर राहण्यावरच. रानात जाताना अंगभर कपडे घालावे व उघड्या भागावर गोचिडांना दूर ठेवणारे तेल चोळावे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेले ‘डेपा’ नावाचे असे एक तेल कर्नाटकात आरोग्य खात्यामार्फत वाटले जाते. पाचोळ्यावर बसू किंवा निजू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात भिजवावे, साबण लावून स्नान करावे, आणि काखा, जांघा, कानामागची जागा व कंबर नीट पाहावी. चिकटलेला गोचीड बोटांनी चिरडू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. गुरांच्या अंगावरील गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्याच्या सल्ल्याने पावसाळ्यापासूनच करावा, कारण जुलैतील एक मादी म्हणजे डिसेंबरातील हजारो पिल्ले होत. मेलेले माकड किंवा वानर दिसल्यास त्याला हात न लावता, ते ओढून बाजूला न टाकता, त्याच दिवशी वनखात्याला वा आरोग्य केंद्राला कळवावे, म्हणजे त्या जागेभोवती कीटकनाशकाची फवारणी करता येते. आणि रानात जाऊन आलेल्या कोणालाही एकाएकी ताप आला, तर वैद्याला तापाआधी रानाविषयी सांगावे.